साक्षीचं गाणं

बटाटे काढणीला आले आणि आभाळ रोज दुपारनंतर भरून यायला लागलं, त्याच आठवड्यात मोजणी कचेरीचं बोलावणं आलं. शिपायाने सायकल रस्त्याकडेला टेकवली आणि सऱ्यांमधून पाय उचलून टाकत तो थेट फौजीसमोर येऊन उभा राहिला.

"सही करा. पुढच्या सोमवारी हजर राहायचंय. बांधाची साक्ष."

फौजीने कुदळ खाली ठेवली. त्याने शिपायाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि म्हणाला, "पण."

"पण काय?"

"पण," फौजी म्हणाला. "पण... पण."

वहिनी पलीकडच्या सरीतून गुडघ्यांवर हात देत उठली. लग्न होऊन आली त्या दिवसापासून गावाने तिला वहिनीच म्हटलं होतं, आता तिला स्वतःलाही दुसरं काही म्हटलेलं ओळखू आलं नसतं. पदराला हात पुसत ती म्हणाली, "त्यांना बोलता येत नाही. आणा इकडे, मी करते सही."

"साक्षीदार ते आहेत आणि बोलता येत नाही?" शिपाई हसला नाही, पण हसू दाबल्यासारखे त्याचे गाल हलले. "मग साक्ष कशी देणार? खुणांनी?"

वहिनीने सही केली. फौजीने कुदळ उचलली होती. उजव्या हाताची बोटं नीट मिटत नसल्याने तो दांडा डाव्या हातात घट्ट धरायचा आणि उजव्या कोपराने दाबायचा. तरी घाव सरळ पडायचा. बटाटा चिरला जायचा नाही.

सीमेवरच्या कुठल्याशा चौकीत भिंत अंगावर पडली, डोक्याला मार लागला आणि माणूस घरी आला तो एवढा एकच शब्द घेऊन. बाकी सगळं शाबूत होतं. समजायचं सगळं. भूक लागली की पण, राग आला की पण, गाय व्याली तेव्हा गोठ्याच्या दारातून ओरडला तेही पणच. डॉक्टर म्हणाले होते, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट मोडली आहे. घाबरला की कधी कधी होय म्हणायचं असताना नाहीची मान हलेल, तेही समजून घ्या. वहिनीने समजून घेतलं. दोन वर्षांत ती त्याच्या वतीने बोलायला इतकी सरावली की शेजारीपाजारी त्याच्यासमोर उभं राहून तिलाच विचारायचे, "आज बरं आहे ना त्यांना?"

भांडण होतं ते चुलत दिराशी. गावात त्याला ट्रॅक्टरवाला म्हणत. दोघांचे बाप सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा मध्ये एक दगड रोवला होता. तो पुरात वाहून गेला, की नांगरटीत निघाला आणि कुणी घराच्या पायरीला लावला, कुणालाच ठाऊक नाही. वहिनीच्या घरचे म्हणत, दगड तुतीच्या झाडापाशी होता. ट्रॅक्टरवाला म्हणे, अलीकडे, बुजवलेल्या विहिरीपाशी. मधली पट्टी काळ्या मातीची, ओल धरून ठेवणारी, आणि सगळ्यात चांगले बटाटे त्याच पट्टीत यायचे. दोन्ही बाप गेले होते. दगड रोवताना तिसरा हजर होता तो फौजी, तेव्हा जेमतेम पहार पेलण्याएवढा पोरगा.

"माझा नवरा सांगायचा, तुतीपाशी," संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या. त्या दाराशी बसून नासके बटाटे वेगळे करत होत्या. "मी काही बघायला गेले नव्हते. पण ते सांगायचे."

"यांनी पाहिलंय ना."

"पाहिलंय. पण तोंडाला कुलूप." म्हातारीने एक बटाटा दाबून पाहिला. "गाणं म्हणतो, तसं सांगता आलं असतं तर."

ती सहज बोलून गेली. वहिनीचा हात मात्र पाट्यांवर तसाच राहिला.

*

गाण्याची गोष्ट अशी होती. तालुक्याच्या गावी माजी सैनिकांचं एक सभागृह होतं. पत्र्याचं छत, भिंतीला ओल आणि सगळ्या खुर्च्या वेगवेगळ्या घरांतून आल्यासारख्या. तिथे दर बुधवारी एक गाणंवाली बाई गिटार घेऊन यायची. सैनिकांनी आपल्या आठवणी सांगायच्या, तिने त्यांना चाल लावायला मदत करायची, आणि गाणं ज्याचं त्याने म्हणायचं. एक ड्रायव्हर होता, त्याच्या गाण्यात कडव्यामागून कडवं फक्त ट्रकचे भाग यायचे. एक तोफवाला होता, त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तो सगळ्यांच्या पुढे एक ओळ असायचा. वहिनीने फौजीला तिथे नेलं ते केवळ घराबाहेर पडेल म्हणून.

पहिले काही बुधवार तो नुसता बसला. मग एकदा बाई सगळ्यांकडून एक जुनी चाल गुणगुणून घेत होती आणि वहिनीला शेजारून आवाज आला. जाड, खरखरीत, पण सुरात. ती वळली नाही. वळलं तर थांबेल, असं वाटलं तिला.

बाईने ऐकलं होतं. तिने घाई केली नाही. ती एक ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द सोडून द्यायची. "उतारावर..." म्हणून थांबायची आणि तारा छेडत राहायची. फौजीचे ओठ थरथरायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची आणि सुराच्या ओघात एखादा शब्द घरंगळत यावा तसा यायचा. "ऊन." बाई विचारायची, "ऊन होतं?" तो मान डोलवायचा. शब्द चुकला की डोकं हलवायचा. असं करत करत हिवाळाभर त्यांनी एक गाणं केलं.

उतारावर ऊन होतं, तारेवर मोजे,
ओले होते, लोकरीचे, दोन्ही होते माझे.
वारा आला, मोजा उडाला, तो म्हणाला थांब,
मीच आणतो, तू चहा ठेव, जायचं नाही लांब.
पाणी उकळलं, धूर उठला, धूर कशाचा होता?
चहाचा नव्हता, चुलीचा नव्हता. मोजा हातात होता.

पुरं झालं त्या दिवशी तोफवालाही कुणाच्या पुढे गेला नाही. वहिनीला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं की एक मित्र होता. बसमध्ये ती नवऱ्याला म्हणाली, "त्याचं नाव काय होतं हो?" फौजी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पण." गाण्यात येणारे शब्द गाण्यातच राहायचे. गाऊन झालं की वाट पुन्हा बंद.

*

त्या बुधवारी वहिनी सगळे जाईपर्यंत थांबली. बाई गिटार पिशवीत घालत होती.

"एक गाणं हवं होतं," वहिनी म्हणाली. "बांधाचं."

तिने सगळं सांगितलं. बाई खाली बसली.

"कचेरीत गाऊ देतील?"

"देतील की. तोंडानेच सांगायचं आहे ना? गाणंही तोंडानेच."

"अहो, पण वेळ किती थोडा. मोज्यांच्या गाण्याला सगळा हिवाळा लागला."

"तीच चाल घ्या. चाल त्यांच्या अंगात बसलीय. शब्द तेवढे बदलायचे."

बाईने फौजीकडे पाहिलं. तो खुर्च्या एकात एक रचत होता, डाव्या हाताने उचलून उजव्या मांडीने ढकलत. "तुम्हाला चालेल का?" तिने त्याला विचारलं.

"पण," फौजी म्हणाला.

"चालेल म्हणतायत," वहिनी म्हणाली.

मग बसले. बाईने तारा छेडल्या. "माझ्या बापानं दगड..." फौजी म्हणाला, "रोवला." वहिनी खुर्चीत पुढे सरकली. "रोवला..." बाईने पुन्हा म्हटलं आणि जागा मोकळी सोडली. फौजीच्या गळ्याची शीर ताठ झाली. तो डोळे मिटून बसला. तारा वाजत राहिल्या.

"पण," तो म्हणाला.

"तुतीपाशी," वहिनी हलकेच म्हणाली.

"तुम्ही नका सांगू," बाई म्हणाली. "त्यांचं त्यांना येऊ दे."

पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच अडलं. तिसऱ्यांदा त्याने डोकं हलवलं आणि उठून उभा राहिला. बाई म्हणाली, "आजच्यापुरतं राहू द्या." पण वहिनी म्हणाली, "सोमवार आलाय तोंडावर. शेवटची बस जाईल त्याच्या आत एवढं तरी करून द्या." बाईने ओळी सांगितल्या, वहिनीने घोकल्या.

माझ्या बापानं दगड रोवला, रोवला तुतीपाशी,
पहार होती माझ्या हाती, काका होते पाशी.

"मला हे बरं वाटत नाहीये," दारात बाई म्हणाली. "बाकीचे शब्द त्यांच्याकडून आले होते."

"हाही येईल," वहिनी म्हणाली. "सवयीने येईल."

*

सवय लावायला शेतासारखी जागा नाही. दोघं दोन सऱ्यांत समोरासमोर वाकायची आणि कुदळीच्या घावावर वहिनी ओळ धरायची. घाव पडला की माझ्या बापानं, माती उलटली की दगड रोवला. फौजी मागून यायचा. मातीतून बटाटे पिवळे, ओले वर यायचे, ती ते सरीच्या कडेला सारायची. ढगांमुळे ऊन पांढरं पडलं होतं आणि हवा अशी कोंदली होती की श्वासाला मातीचाच वास. दुपारपर्यंत तिची कंबर मोडायची. त्याचा उजवा हात लोंबायला लागायचा, मग तो दांडा काखेत धरून ओढायचा.

रोवला, असं म्हटलं की तो थांबायचा.

"तुतीपाशी," ती म्हणायची. "म्हणा. ती बघा, समोर उभी आहे. तुतीपाशी."

"पण."

"पण नाही हो. तु-ती-पा-शी."

पहिल्या दिवशी त्याचा घाव चुकला आणि बटाटा चिरला. दुसऱ्या दिवशी त्याने कुदळ फेकून दिली आणि बुजवलेल्या विहिरीकडे जाऊन पाठ फिरवून बसला. वहिनीने पाण्याचा तांब्या नेला. "रागावू नका," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच चाललंय सगळं. तुमचीच जमीन आहे." त्याने तिच्या हाताला धरलं, जोरात, नखं रुतेपर्यंत, दुसरा हात जमिनीवर आपटला आणि म्हणाला, "पण. पण."

"कळतंय मला," ती म्हणाली. "दमलात."

ट्रॅक्टरवाला पलीकडे त्याच्या शेतात होता. ट्रॅक्टर बंद करून तो बांधापर्यंत आला आणि टोपी काढून म्हणाला, "वहिनी, दादाला कशाला इतकं राबवता? पाऊस आला तर मी यंत्र फिरवतो. एका तासात मोकळे व्हाल."

"यंत्र फिरवाल आणि बांधही फिरवाल," वहिनी म्हणाली.

"मी खोटं नाही बोलत. माझ्या बापाने मला हाताला धरून दाखवलंय."

"माझ्या सासऱ्यांनी सासूबाईंना सांगितलंय."

 फौजीने ट्रॅक्टरवाल्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलण्यासाठी उठायला लागला. वहिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. ट्रॅक्टरवाला टोपी घालून परत गेला.

रविवारी दुपारी फौजीने शब्द म्हटला. स्पष्ट, सुरात, "तुतीपाशी". वहिनी सरीतच बसली आणि मातीच्या हातांनी तोंड झाकून रडली. तो तिच्याकडे नुसता पाहत राहिला. संध्याकाळपर्यंत पुढची ओळही जमली. सासूबाईंनी दारातूनच ऐकलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

*

कचेरीची खोली लांबट होती. एका भिंतीला नकाशांच्या सुरळ्या, दुसऱ्या भिंतीला बाक. पंख्याखाली साहेब, बाजूला कारकून. बाकावर आणखी दोन-तीन भांडणांची माणसं बसली होती. फौजीला वहिनीने जुना कोट घातला होता. वरच्या गुंडीपर्यंत बंद केल्यामुळे त्याच्या मानेला घाम आला होता. ट्रॅक्टरवाला समोरच्या टोकाला टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

साहेब काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने फौजीला खुर्ची दिली. "तुम्ही सैन्यात होतात. दगड रोवला तेव्हा तुम्ही हजर होतात, बरोबर?"

फौजीने मान डोलवली.

"दगड तुतीच्या झाडापाशी होता?"

फौजीने नाही म्हणून मान हलवली.

कारकुनाची लेखणी वर झाली. वहिनी घाईने पुढे आली. "साहेब, तसं नाही. घाबरले की त्यांची मान उलटी हलते. डॉक्टरांनी सांगितलंय. वाटलं तर त्यांना काहीही विचारून बघा."

साहेबाने विचारलं, "तुमच्या हातात आत्ता कुदळ आहे?"

फौजीने होय म्हणून मान हलवली. मग नाही म्हणून. मग पुन्हा होय. त्याचा चेहरा लाल झाला होता. बाकावर कुणीतरी खाकरलं.

"बाई, मी काय नोंदवू?" साहेब म्हणाला.

"ते गाऊन सांगतील."

"काय?"

"बोलता येत नाही, पण गाता येतं. दोनच ओळी आहेत."

बाकावरचा एक जण फसकन हसला. साहेबाने त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. "म्हणू द्या," तो म्हणाला.

वहिनी नवऱ्याच्या बाजूला उभी राहिली. तिने मांडीवर बोटांनी ठेका धरला, कुदळीच्या घावांचा. फौजी उठला. दोन्ही हात सरळ खाली, छाती पुढे, कुणी परेडवर उभं केल्यासारखा.

"माझ्या बापानं दगड रोवला," तो गाऊ लागला. खरखरीत आवाज, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. "रोवला..."

तो थांबला. वहिनीची बोटं थांबली नाहीत. तिचे ओठ हलले, पण तिने आवाज काढला नाही. फौजीच्या गळ्याची शीर ताठ झाली. त्याने ट्रॅक्टरवाल्याकडे पाहिलं. मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"उतारावर ऊन होतं," तो म्हणाला, "तारेवर मोजे."

"ते नाही," वहिनी कुजबुजली. "अहो, ते नाही."

पण चाल तीच होती आणि चाल पुढे निघाली होती. वहिनीने त्याचा कोट ओढला. तो थांबला नाही. मोजा उडाला, तो म्हणाला थांब. आता कुणी हसत नव्हतं. पाणी उकळलं. धूर उठला. शेवटची ओळ संपली तशी त्याने पहिली पुन्हा धरली आणि पुन्हा सुरुवातीपासून गायला लागला, मोठ्याने, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात तसेच सरळ खाली. तिसऱ्यांदा धूर उठला तेव्हा ट्रॅक्टरवाला उठून आला आणि त्याने त्याला मिठी मारली. "दादा, पुरे. दादा, बस आता." त्याच्या खांद्यात तोंड दाबलं गेलं तेव्हाच ते गाणं बंद झालं.

कारकुनाने साहेबाला विचारलं, "काय लिहू?"

"साक्ष मिळाली नाही, असं लिहा," साहेब हळू आवाजात म्हणाला. "बाई, त्यांना घरी घेऊन जा."

जुन्या नकाशात विहिरीची खूण होती, तुतीची नव्हती. जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल लागला, ट्रॅक्टरवाल्याच्या बाजूने.

*

दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्यांनी बुजवलेल्या विहिरीपासून ओढ्यापर्यंत लाकडी खुंट्या ठोकल्या. फौजी तुतीखाली उभा राहून बघत होता. वहिनी घरातून बाहेर पडली नाही. ट्रॅक्टरवाला अंगणात आला, तो दारातच थांबला.

"वहिनी, पट्टीतले बटाटे तुमचे आहेत. तुम्ही लावलेत, तुम्ही काढा. मी काही राक्षस नाही."

"बरं," ती म्हणाली. 

पुढच्या सकाळी ती आणि फौजी पट्टीत उतरली. आभाळ इतकं खाली आलं होतं की बोलायलासुद्धा जड वाटावं. ती त्याच्याशी बोलली नाही. कचेरीतून आल्यापासून बोलली नव्हती. पाटी भरली की तो उचलून घेऊन जायचा, ती पुढची सरी धरायची. बऱ्याच पाट्या झाल्यावर तिने कंबर सरळ केली आणि घराकडे पाहिलं. अंगणात ढीग दिसेना. सासूबाई दाराशी रिकाम्याच बसल्या होत्या.

फौजी पाटी घेऊन उलट्या दिशेला चालला होता. तुती ओलांडून, ट्रॅक्टरवाल्याच्या पत्र्याच्या शेडकडे. तिने हाक मारली, तो थांबला नाही. ती मागे धावली. शेडमध्ये त्यांच्या पट्टीतले सगळे बटाटे नीट ओतलेले होते, चिरलेले एका बाजूला, चांगले एका बाजूला.

"हे काय करताय?" ती म्हणाली. "त्याने आपल्याला दिलेत ना? मग?"

"पण," फौजी म्हणाला.

"माझ्यावर राग काढताय?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"त्याला घाबरलात? त्याने काही म्हटलं?"

नाही.

"मग का? कचेरीत चुकलात म्हणून? शिक्षा घेताय स्वतःला?"

नाही. तो घाबरलेला नव्हता. त्याची मान संथपणे हलत होती आणि डोळे तिच्यावर स्थिर होते.  तिने त्या ढिगाकडे पाहिलं, मग दारातून बाहेर, खुंट्यांच्या रांगेकडे. रांग बुजवलेल्या विहिरीपाशी संपत होती, त्या दिवशी फौजी तिच्याकडे पाठ फिरवून बसला होता, जमिनीवर हात आपटला होता, नेमकी त्याच जागी.

"दगड," ती म्हणाली. "दगड विहिरीपाशी होता?"

फौजीने पाटी खाली ठेवली. त्याने मान डोलवली. एकदाच. मग त्याचे खांदे सैल पडले आणि तो बटाट्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसला, खूप लांबून चालत आल्यासारखा.

"मग आधी सांगायचं नाही का?" वहिनी म्हणाली.

आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. त्यालाही आलं. त्याने वर पाहिलं, तोंड उघडलं, त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली. ती थांबली. पुढचा शब्द तिने सुचवला नाही. शेडच्या पत्र्यावर पावसाचे पहिले टपोरे थेंब पडायला लागले, पट्टीत अर्ध्या सऱ्या अजून मातीत होत्या, आणि ती त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.